‘काही निघालं नाही’ म्हणजे नक्की काय?

तुमच्या बाळाने जन्मल्यावर पहिली शी कधी केली, आठवतंय का?

पहिला दात, पहिलं पाऊल, पहिला शब्द आपल्याला तारखेसकट पाठ असतो. त्याचे व्हिडिओ असतात, स्टेटस ठेवलेले असतात. पण जन्मानंतरची ती पहिली, डांबरासारखी काळी चिकट शी कुणी लिहून ठेवत नाही. आणि मूल चार-पाच वर्षांचं झाल्यावर त्याला औषधांना दाद न देणारी बद्धकोष्ठता झाली, तर मुलांच्या पोटाचे डॉक्टर जे पहिले काही प्रश्न विचारतात, त्यात हा एक हमखास असतो.

मी डॉक्टर नाही. कंटेंट लिहिणं हे माझं काम. राहते भिलाईच्या मरोद्यात. आजोबा भंडाऱ्याहून स्टील प्लांटच्या नोकरीसाठी इथे आले आणि आम्ही इथलेच झालो. घरात मराठी, शेजारी हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी. मुलांच्या शीबद्दल बोलायला मात्र तिन्ही भाषांत लोक सारखेच लाजतात. माझ्या ताईच्या मुलामुळे आमच्या घरी गेलं वर्षभर याच विषयावर बोलणं झालं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. मोठा झाल्यावर हा लेख त्याच्या हाती लागला तर मावशीची खैर नाही! त्याला आपण पिल्लू म्हणू.

चड्डीचे डाग

पिल्लू पाच वर्षांचा. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा शी. तीही इतकी मोठी आणि कडक की कमोड तुंबायचा. बाकीचे दिवस तो पडद्यामागे जाऊन पाय आवळून, टाचा उंच करून उभा राहायचा. चेहरा लालबुंद. आम्हाला वाटायचं, बिचारा कुंथतोय, पण होत नाहीये. खरं तर तो शी थोपवून धरत होता, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं. कुंथणारं मूल खाली वाकतं, उकिडवं बसतं. थोपवणारं मूल ताठ होतं, पाय जोडून घेतं. हा फरक तुम्हीही घरी पाहू शकता.

मग चड्डीला डाग लागायला लागले. पातळ, चिकट, दिवसातून तीन-चार वेळा. शाळेतून निरोप आला, मुलाला टॉयलेटची सवय लावा. वर्गातल्या मुलांनी त्याला एक नाव ठेवलं, ते मी इथे लिहिणार नाही. घरी भाऊजी चिडायचे, “एवढा मोठा झाला, सांगता येत नाही का?” पिल्लू म्हणायचा, “मला कळलंच नाही.” कुणाचा विश्वास बसायचा नाही.

शेजारपाजारचे सल्ले सुरू झाले. पपई द्या, मनुका भिजवून द्या, मुनगा द्या, लाल भाजी द्या, सकाळी बोरे-बासी खाऊ घाला. एकीने एरंडेल सुचवलं. एका काकूंनी पातळ शी पाहून जुलाब थांबवायचं औषध द्यायला सांगितलं. नशीब, ते दिलं नाही.

कारण ते जुलाब नव्हतेच. एकदा कडक शी झाली, दुखलं, की मूल पुढच्या वेळी घाबरून धरून ठेवतं. गुदाशयात थांबलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेतं, ती आणखी कडक होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं. असं महिनोन्‌महिने चाललं की गुदाशय ताणून सैल पडतो. शी आल्याची जाणीवच बोथट होते. मग वरची पातळ शी त्या कडक गोळ्याच्या कडेने झिरपून चड्डीत येते. मुलाला ते खरोखर कळत नाही. “मला कळलंच नाही” हे पिल्लूचं वाक्य शब्दशः खरं होतं.

गेट बिघडलंय की गेटवाला घाबरलाय?

आमच्या मरोद्यात मोठा जलाशय आहे. प्लांटला लागणारं पाणी त्यातून जातं. अशा कुठल्याही जलाशयातून पाणी पुढे जाईना, तर दोन शक्यता असतात. एक, गेट यंत्रातच बिघडलंय. दोन, गेट ठीक आहे, पण गेटवरचा माणूस ते उघडतच नाहीये. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. दोन्हीकडे मागे पाणी साचत जातं.

मुलांच्या बद्धकोष्ठतेचंही तसंच आहे. दर १०० मुलांपैकी ९० हून जास्त मुलांचं गेट उत्तम असतं, ते भीतीमुळे किंवा सवयीमुळे उघडत नाही. याला डॉक्टर फंक्शनल कॉन्स्टिपेशन म्हणतात. थोड्या मुलांमध्ये मात्र गेटमध्येच, म्हणजे शरीराच्या रचनेत किंवा कामात दोष असतो. सगळ्या तपासण्यांचा खटाटोप या थोड्या मुलांना बाकीच्यांतून वेगळं काढण्यासाठी असतो.

म्हणूनच प्रत्येक बद्धकोष्ठ मुलाची तपासणी करत सुटायची गरज नसते. मुलांच्या पोटविकार तज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने २०१८ साली याबद्दल मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. धोक्याच्या खुणा नसतील, तर नीट विचारपूस आणि अंगाची तपासणी यांवरूनच निदान करावं, असा त्यांचा रोख आहे. सरसकट पोटाचा एक्स-रे काढायचीही गरज नसते. शी साचलीय की नाही हे बहुतेकदा डॉक्टरांच्या हातालाच पोटावरून कळतं.

पिल्लूचा पोटाचा एक्स-रे एका ठिकाणी तीन महिन्यांत दोनदा काढला गेला. दोन्ही वेळा रिपोर्टवर एकच ओळ होती, आतड्यात मळ साचलेला आहे. ते तर ताईला कमोड तुंबल्यावरच समजलं होतं!

आजीची साक्ष

शेवटी रायपूरला मुलांच्या पोटाच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी पहिली वीस मिनिटं फक्त प्रश्न विचारले. पहिली काळी शी जन्मानंतर किती तासांनी झाली? त्रास जन्मल्यापासून आहे की नंतर सुरू झाला? दूध सुटून वरचं खाणं सुरू झालं तेव्हा काय झालं? वजन वाढतंय का? कधी हिरवी उलटी, पोट फुगून ताप? शी रिबिनीसारखी बारीक होते की जाडजूड?

पहिल्याच प्रश्नाला ताई गप्प. तिचं सिझेरियन झालं होतं, पहिले दोन दिवस तिला काही धड आठवत नव्हते. जन्माच्या फाइलमध्ये ती जागा कोरी होती. मग भंडाऱ्याला आजीला फोन लावला. आजी एका दमात म्हणाली, “अगो, संध्याकाळी झाला नाही का तो? दुसऱ्या दिवशी सकाळी चहा यायच्या आधी लंगोट भरला होता. मीच बदलला. काळा कुळकुळीत.”

मॅडम हसल्या. म्हणाल्या, “आजींनी आमचं अर्धं काम केलं.”

पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बहुतेक निरोगी बाळांना पहिली शी २४ तासांत होते, आणि जवळजवळ सगळ्यांना ४८ तासांत. त्याहून उशीर झाला, तर आतड्याच्या एका जन्मजात आजाराची शंका घ्यावी लागते. पिल्लूला वेळेत झाली होती, म्हणजे शंका कमी झाली. पूर्ण गेली मात्र नाही.

कारण आजीने फोनवर आणखी एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या महिन्यापासून पिल्लू चार-चार दिवस शी करायचा नाही, म्हणून ती विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावायची. तुमच्याकडेही कुणी लावला असेल. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाने चार-पाच दिवस, कधी आठवडाभरही शी केली नाही आणि ते हसत-खेळत असेल, शी मऊ होत असेल, तर बहुधा काळजीचं कारण नसतं. देठाने मात्र नाजूक जागी इजा होऊ शकते. शिवाय देठ लावल्यावर होते आणि एरवी होतच नाही, असं रोजचंच झालं, तर खरा त्रास झाकला जातो. तेव्हा तुम्ही देठ, साबणाची कांडी, बोट, काहीही वापरलं असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. कुणी रागावणार नाही. ती माहिती म्हणजे एक तपासणीच आहे, आणि तिचे पैसे पडत नाहीत.

मग मॅडमनी पिल्लूला तपासलं. पोट, पाठीचा कणा, पायांची ताकद, गुदद्वाराची जागा. कण्याच्या खालच्या टोकाला खळगा किंवा केसांचा झुपका असेल, पायांत अशक्तपणा असेल, लघवीही गळत असेल, तर कारण पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत असू शकतं आणि एमआरआय लागतो. गुदद्वार नेहमीच्या जागेपेक्षा पुढे असेल तर तो प्रश्न वेगळा. पिल्लूचं हे सगळं ठीक होतं.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

• पहिली काळी शी ४८ तासांनंतर झाली असेल
• पहिल्या महिन्यातच त्रास सुरू झाला असेल
• हिरवी उलटी, पोट ढोलासारखं फुगणं
• वजन-उंची वाढत नसणं
• शी रिबिनीसारखी बारीक होणं
• चीर पडलेली दिसत नसतानाही शीतून रक्त
• पायांत अशक्तपणा, पाठीवर खळगा किंवा केसांचा झुपका
• पोट फुगलेलं, ताप आणि घाण वासाचे जोरदार जुलाब एकत्र. असं झालं तर सकाळची वाट न पाहता लगेच मोठ्या दवाखान्यात जा

दिसतो एक भाग, दुखणं दुसऱ्यात

मघाशी म्हटलं त्या जन्मजात आजाराचं नाव हिर्शस्प्रुंग. उच्चारायला अवघड, पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

आईच्या पोटात बाळ वाढत असताना आतड्याला चालना देणाऱ्या चेतापेशी वरून खाली सरकत शेवटच्या टोकापर्यंत पोहोचतात. काही बाळांत त्या वाटेतच थांबतात. जिथे त्या पोहोचत नाहीत, तो आतड्याचा भाग सैल होऊच शकत नाही, कायम आवळलेला राहतो. साधारण ५,००० जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो, आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये तो सुमारे चौपट दिसतो.

१८८६ साली कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी बर्लिनच्या एका परिषदेत दोन बाळांची माहिती मांडली. दोन्ही बाळं पहिला वाढदिवस पाहण्याआधीच गेली होती. त्यांचं मोठं आतडं प्रचंड फुगलेलं होतं. साहजिकच पुढची कित्येक वर्षं डॉक्टरांना वाटत राहिलं की आजार त्या फुगलेल्या भागातच आहे. प्रत्यक्षात उलट होतं. फुगलेला भाग निरोगी होता, तो बिचारा पुढे ढकलून ढकलून ताणला गेला होता. दोष खालच्या, दिसायला साध्यासुध्या, अरुंद तुकड्यात होता. १९४८ साली अमेरिकेत बोस्टनच्या ऑर्व्हर स्वेन्सन यांनी हा अरुंद तुकडा काढून निरोगी आतडं खाली जोडायची शस्त्रक्रिया केली. पहिल्या नोंदीपासून इथवर यायला ६२ वर्षं लागली.

हा इतिहास मी मुद्दाम सांगितला. मुलाच्या पोटाकडे नुसतं पाहून, किंवा साध्या एक्स-रेत मळ दिसला म्हणून, गेट बिघडलंय की गेटवाला घाबरलाय हे कळत नाही. त्यासाठी नेमका प्रश्न विचारणारी तपासणी लागते.

एक तपासणी, एक प्रश्न

आमच्या मॅडमची एक सवय मला फार आवडली. प्रत्येक तपासणी लिहिताना त्या सांगायच्या, “याने आपल्याला हे कळणार आहे.” तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना बिनधास्त विचारा, या टेस्टने कुठल्या प्रश्नाचं उत्तर मिळेल? मला समजलं ते असं:

रक्ताची तपासणी विचारते, कारण आतड्याबाहेर आहे का? थायरॉइड कमी आहे का, कॅल्शियम जास्त आहे का, गव्हातलं ग्लूटेन सोसत नसल्याचा सिलिअॅक आजार आहे का. वाढ खुंटली असेल किंवा नीट उपचार करूनही फरक पडत नसेल, तेव्हा ती करतात.

बेरियम एनिमा विचारतो, आतड्याचा आकार कसा आहे? खालून नळीने एक द्रव सोडतात आणि एक्स-रे काढतात. अरुंद भाग कुठे संपतो आणि फुगलेला कुठे सुरू होतो, ते दिसतं. हिर्शस्प्रुंगच्या शंकेने तो काढायचा असेल, तर आधी एनिमा देऊन पोट साफ करत नाहीत, नाहीतर तो फरक पुसला जातो. म्हणून घरून निघताना “पोट साफ करून नेऊ” असं परस्पर ठरवू नका.

मॅनोमेट्री विचारते, गेट सैल होतं का? गुदाशयात बारीक नळी आणि तिच्या टोकाला छोटा फुगा. फुग्यात हवा भरली की शरीराला वाटतं शी आली, आणि आतली झडप आपोआप सैल व्हायला हवी. सैल झाली, तर चेतापेशी आपलं काम करतायत. हिर्शस्प्रुंगमध्ये ती सैल होत नाही.

बायोप्सी विचारते, चेतापेशी आहेत की नाहीत? गुदाशयाच्या आतून तांदळाच्या कणीएवढा तुकडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. हिर्शस्प्रुंगचं पक्कं निदान यानेच होतं. तान्ह्या बाळांत हा तुकडा ओढून घ्यायच्या खास उपकरणाने, बहुधा भूल न देताच घेता येतो, कारण तो जिथून घेतात त्या भागात वेदना कळवणाऱ्या नसा नसतात. मोठ्या मुलांना भूल देतात.

आणखी एक तपासणी आहे. मुलाला एक्स-रेवर दिसणाऱ्या बारीक कड्या गिळायला देतात आणि काही दिवसांनी एक्स-रे काढतात. कड्या सगळ्या आतड्यात विखुरलेल्या असतील तर आतड्याची चालच मंद आहे. सगळ्या शेवटाला जमल्या असतील तर अडचण दाराशी आहे.

‘बायोप्सी’ हा शब्द ऐकून आमच्या घरात सन्नाटा झाला होता. आपल्याकडे या शब्दाचा एकच अर्थ लोकांना माहीत असतो, कॅन्सर. आईने देवापुढे दिवा लावला. ताई दोन रात्री झोपली नाही. तेव्हा स्पष्टच सांगते, बद्धकोष्ठ मुलाची बायोप्सी कॅन्सरसाठी करत नाहीत. पेशी आहेत का, एवढंच बघायचं असतं.

नागपूरचा तो फुगा

मॅडमनी आधी आठ आठवडे पूर्ण उपचार करून पाहिले. फरक थोडाच पडला. पाच वर्षांचं मूल, गुदाशय खूप फुगलेला आणि औषध नीट देऊनही म्हणावा तसा गुण नाही, म्हणून मॅनोमेट्री करायचं ठरलं. झडप सैल झाली नाही तर बायोप्सी, आणि त्यात पेशी नसतील तर शस्त्रक्रिया, असं त्यांनी पुढचं सगळं आधीच सांगून ठेवलं. नागपूरला आमचे मामा राहतात, म्हणून तिथल्या एका सेंटरमध्ये वेळ घेतली.

दुर्गहून गाडीने जाताना पिल्लू खिडकीशी बसून डोंगरगढचं मंदिर शोधत होता. त्याला फक्त एवढंच सांगितलं होतं, की तुझ्या पोटात एक छोटा फुगा फुगवणार आहेत, टोचणार नाहीत, आई हात धरून बसेल. खोटं काही सांगितलं नाही. “काहीच होणार नाही” असं सांगून नेलेलं मूल पुढच्या वेळी कुणावरच विश्वास ठेवत नाही.

तो डाव्या कुशीवर झोपला, समोर मोबाइलवर कार्टून. ताई डोक्याशी, मी दाराशी. स्क्रीनवर रंगीत पट्टे सरकत होते. तंत्रज्ञ ताईंनी फुग्यात थोडी हवा भरली. पट्टा हलला नाही. आणखी थोडी. नाही हलला. ताईने माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी विसरणार नाही. मनातल्या मनात ती शस्त्रक्रियेच्या दारापर्यंत पोहोचली होती.

तंत्रज्ञ ताई मात्र शांत होत्या. गुदाशय ताणून मोठा झाला असेल तर त्याला थोड्या हवेची जाणीवच होत नाही, जास्त भरावी लागते, असं म्हणत त्यांनी हवा वाढवली. पिल्लू पहिल्यांदाच म्हणाला, “आई, शी आल्यासारखं वाटतंय.” आणि स्क्रीनवरचा तो पट्टा खाली झुकला. झडप सैल झाली होती. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा झुकला.

गेट ठीक होतं. बायोप्सीची गरज उरली नाही.

“एवढं करून काही निघालं नाही?”

घरी परतल्यावर फोन सुरू झाले. सगळ्यांचं एकच वाक्य, “एवढं नागपूरला जाऊन आलात आणि काही निघालं नाही?” काहींच्या आवाजात आनंद होता, काहींच्या आवाजात चक्क निराशा. भाऊजीसुद्धा एकदा म्हणाले, “म्हणजे पैसे वायाच गेले की.”

वाचकहो, मला तुमच्याशी बोलायचं आहे ते यावर.

टेस्ट नॉर्मल येणं म्हणजे काही न मिळणं, असं आपण धरून चालतो. आजार निघाला तर पैसे वसूल, नाही निघाला तर फुकट. पण पिल्लूच्या त्या झुकलेल्या पट्ट्याने आम्हाला किती काय दिलं बघा. शस्त्रक्रियेची भीती गेली. औषध चालू ठेवायला धीर आला, कारण आपण भलत्याच आजारावर उपचार करत नाही, याची खात्री झाली. आणि एवढी हवा भरेपर्यंत त्याला काहीच जाणवत नव्हतं, हे ताईने स्क्रीनवर पाहिलं होतं. तिने ते भाऊजींना सांगितलं. चड्डी खराब होते तेव्हा तो आळशीपणा करत नसतो, त्याला खरंच कळत नसतं, हे त्यांना पटायला तो आलेख लागला. त्या दिवसानंतर घरात चड्डीवरून ओरडणं बंद झालं. हे औषधाच्या कुठल्याही पुडीत मिळालं नसतं.

दुसरी गोष्ट. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे मूल बरं झालं, असंही नाही. “काही नाहीये, नाटकं करतो” असं म्हणून औषध बंद करणारी घरं आहेत. गेटवाला घाबरलाय, हेही खरं दुखणंच आहे. फक्त त्याचा इलाज वेगळा, संथ आणि घरातच करायचा.

पिल्लूला पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाची पावडर पाण्यात विरघळवून देतात. ती अंगात शोषली जात नाही, शीमध्ये पाणी धरून ठेवते, त्यामुळे शी मऊ राहते. आधी साचलेलं सगळं बाहेर काढायचं, मग रोजचा डोस. किती द्यायचा ते डॉक्टरच ठरवतात. दोन दिवस बरं वाटलं की बंद, असं करायचं नाही. हा उपचार महिनोन्‌महिने चालतो आणि हळूहळूच कमी करतात. सवय लागेल या भीतीने मध्येच सोडणं, हे त्रास उलटण्याचं नेहमीचं कारण आहे.

जेवणानंतर आतडी आपोआप हलतात, म्हणून नाश्ता आणि रात्रीचं जेवण झाल्यावर पाच-दहा मिनिटं बसायचं. झाली नाही तरी शाबासकी, कारण बक्षीस बसण्याबद्दल आहे. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा स्टूल ठेवायचा. गुडघे वर आले की शी सोपी होते. आपल्या देशी संडासात हे आपोआप घडायचं. भिंतीवर कॅलेंडर टांगलंय, त्यावर पिल्लू रोज स्टार लावतो. शेजारी ब्रिस्टल चार्टची चित्रं चिकटवलीत. १९९७ साली इंग्लंडच्या ब्रिस्टलमध्ये शीचे सात प्रकार पाडून हा तक्ता प्रसिद्ध झाला. पिल्लू आता येऊन जाहीर करतो, “आज चार नंबर!” पाहुणे असले तरी.

मुनगा, लाल भाजी, पपई, पाणी हे सगळं चालू आहेच. पण एवढ्या साचलेल्या मुलाला नुसत्या पपईने बरं करता येत नाही, हेही आता घरात सगळ्यांना माहीत आहे.

डाग पूर्ण थांबलेले नाहीत. महिन्यातून दोन-तीनदा लागतात. पूर्वी दिवसातून तेवढे लागायचे.

तुमच्या घरासाठी

लहान बाळ घरात येणार असेल, तर पहिली काळी शी कधी झाली ते माता-बाल संरक्षण कार्डाच्या मागे लिहून ठेवा. दिवस आणि वेळ, बस. आई त्या वेळी थकलेली असते, म्हणून हे काम आजी, मावशी, बाबा, जो जागा असेल त्याने करा.

मूल मोठं असेल आणि आठवड्यातून दोनदाच किंवा त्याहून कमी वेळा शी होत असेल, दुखत असेल, चड्डी खराब होत असेल आणि हे महिनाभर चाललं असेल, तर घरगुती उपाय पुरे करून बालरोगतज्ज्ञांकडे जा. जाताना आठ-दहा दिवसांची नोंद न्या. कधी झाली, कशी झाली, दुखलं का, डाग किती वेळा लागले. ही नोंद बऱ्याच तपासण्यांपेक्षा जास्त बोलते.

डॉक्टरांनी तपासणी सुचवली तर घाबरू नका, आणि नाही सुचवली तर हट्टाने मागूही नका. तिने काय कळणार आहे आणि उत्तर कसंही आलं तर पुढे काय करायचं, हे दोन्ही आधी विचारा. मुलाला त्याच्या वयाच्या भाषेत खरं सांगा.

आणि रिपोर्ट नॉर्मल आला, कुणी विचारलं, “काही निघालं का?” तर सरळ सांगा, हो, निघालं ना. त्याला काय झालेलं नाही, ते निघालं. आता काय झालंय त्यावर काम करता येईल.